उभ्या ट्रॅक्टरची निगा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०१६ च्या सप्टेंबरात आमच्या लातूर जिल्ह्यात पाऊस आला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, हे आपल्याला आठवत असेल. त्यामुळे सप्टेंबरातला तो पाऊस आमच्यासाठी नुसता पाऊस नव्हता. विहिरीत पाणी दिसलं, ओढे वाहिले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला रानात वापसा आला. रब्बी ज्वारी पेरायला याहून चांगली वेळ नसते. गावातला प्रत्येक माणूस बियाणं काढून बसला होता.

आमचे भाईजान, म्हणजे माझे थोरले बंधू, गोठ्याकडे गेले. त्यांचा पस्तीस हॉर्सपॉवरचा, तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर तिथं उभा होता. २०१५ च्या जुलैत खरिपाची पेरणी वाया गेली, तेव्हा त्यांनी तो तिथं आणून लावला आणि किल्ली खिळ्याला अडकवली. काम नाही, डिझेलला पैसे नाहीत, मग ट्रॅक्टरकडे बघणार कोण? चौदा महिने तो तसाच उभा राहिला. आता त्यांनी किल्ली फिरवली. साधा ‘टक्’ असा आवाजसुद्धा झाला नाही.

तो ट्रॅक्टर सुरू व्हायला अठरा दिवस लागले. अठरा दिवसांत काळ्या जमिनीची वरची ओल उडून जाते. भाड्याचा ट्रॅक्टर मिळेना, कारण ज्याच्याकडे चालू ट्रॅक्टर होता त्याच्या दारात रांग होती. ज्वारीची वेळ गेली. निम्म्या रानात हरभरा टाकला आणि निम्मं तसंच राहिलं. दुष्काळानं एक वर्ष नेलं होतं. दुसऱ्या वर्षाचं अर्धं आम्ही आमच्या हातानं घालवलं.

मी लिहिणारा माणूस. पान्याचा नंबर विचाराल तर आजही चाचरतो. पण त्या अठरा दिवसांत मिस्त्रींच्या शेजारी बसून जे पाहिलं, आणि पुढं २०२१ साली तोच ट्रॅक्टर पुन्हा वर्षभर उभा करायची वेळ आली तेव्हा जे केलं, ते आज सांगायचं आहे. ट्रॅक्टर उभा राहण्याची कारणं घरोघर वेगळी असतात. कुठं दुष्काळ, कुठं आजारपण, कुठं मुलगा पुण्याला नोकरीला, कुठं भावाभावांत वाद. यंत्राला मात्र कारणाशी कर्तव्य नसतं.

आधी मिस्त्रींनी काय उघडलं ते सांगतो. डिझेलची टाकी अर्धी होती. अर्ध्या टाकीतल्या मोकळ्या जागेत हवा असते, हवेत दमटपणा असतो. दिवसा पत्रा तापतो, रात्री गार होतो, आणि टाकीच्या आतल्या बाजूला दंव धरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाला जातं. तिथं गंज चढतो. डिझेल आणि पाणी जिथं एकमेकांना टेकतात, तिथं सूक्ष्म जंतू वाढतात आणि शेवाळासारखा काळपट चिकटा तयार होतो. आमच्या फिल्टरमध्ये तो चिकटा होता. त्यातून पुढं गेलेल्या पाण्यानं इंजेक्शन पंपाचा एक प्लंजर गंजून अडकला होता. हा पंप म्हणजे ट्रॅक्टरचं सगळ्यात नाजूक आणि महाग काम. त्यातले भाग इतक्या बारीक मापाचे असतात की गंजाचा पातळ थरही त्यांना चालत नाही. तो पंप लातूरला पाठवावा लागला आणि निम्मे दिवस त्यातच गेले.

रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी होतं. आमच्याकडचं पाणी क्षारांचं. घागरीला जसा पांढरा थर बसतो तसा रेडिएटरच्या नळ्यांना बसला होता. बॅटरी तर कामातून गेली होती. एअर क्लीनरच्या नळीत उंदरानं कापूस आणि चिंध्या भरून संसार थाटला होता. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. आणि इतकं सगळं निस्तरून इंजिन सुरू झालं, तेव्हा कळलं की क्लच सुटत नाही. क्लचची प्लेट फ्लायव्हीलच्या बिडाला गंजानं चिकटून बसली होती. मग ट्रॅक्टर मधून दोन तुकडे करून उघडावा लागला.

मिस्त्री म्हणाले, “भाई, चालून चालून ट्रॅक्टर खराब झाला असता तर मला वाईट वाटलं नसतं.”

२०२१ च्या एप्रिलमध्ये भाईजान गेले. तो महिना कसा होता हे मी वेगळं सांगत नाही. पुतण्या पुण्यात नोकरीला होता. भाभी म्हणाल्या, शेती बटईनं देऊ, पण ट्रॅक्टर विकायचा नाही. मुलगा येईल तेव्हा बघू. तो येईल की नाही, आणि आला तर कधी, हे कुणालाच माहीत नव्हतं. या वेळी मात्र आम्ही पंधरा दिवसांतच मिस्त्रींना बोलावलं.

पहिलं काम जागेचं. ट्रॅक्टर गोठ्यात लावायचा नाही, असं मिस्त्रींनी बजावलं. जनावरांच्या मुतातून अमोनिया निघतो आणि तो तांब्या-पितळेला खातो. वायरिंगची टोकं हिरवी पडतात ती त्यामुळे. खताची पोती ठेवतो ती खोलीही नको. युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो आणि लोखंडावर सांडला की गंज धरतो. आम्ही घराच्या मागचं पत्र्याचं शेड मोकळं केलं. ज्यांच्याकडे शेड नाही ते ताडपत्री घालतात. ती घालावी, पण जमिनीपर्यंत गच्च गुंडाळू नये. खालून हवा खेळती राहिली नाही तर आत वाफ धरते, आणि ताडपत्रीचा फायदा होण्याऐवजी तोटा होतो.

मग धुणं. चिखल, शेण, फवारणीची औषधं, उसाचा चिकटा, हे सगळं अंगावर ठेवून ट्रॅक्टर उभा करणं म्हणजे गंजाला वतन लिहून देणं. इंजिन गार झाल्यावर धुवायचं. तापलेल्या पंपावर गार पाणी मारलं तर पंप जाम होऊ शकतो. सेल्फ आणि डायनामो यांच्यावर पाण्याची जोरदार धार नको. धुतल्यावर ट्रॅक्टर फिरवून वाळवला आणि मग प्रत्येक निप्पलला ग्रीसगन लावली. किती ग्रीस भरायचं? जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. सांध्यात शिरलेलं पाणी त्या जुन्या ग्रीसबरोबर बाहेर पडतं. जिथं रंग नाही असे लोखंडाचे भाग, पीटीओचा दांडा, टॉप लिंकचे आटे, नांगराचे फाळ, यांना ग्रीस नाहीतर ऑइल चोपडलं.

इंजिन ऑइल उभं करण्याआधी बदलायचं, नंतर नाही. ही गोष्ट बहुतेक शेतकऱ्यांना उलटी वाटते. भाईजानही म्हणायचे, काम सुरू होईल तेव्हा नवं ऑइल टाकू, आत्ता टाकून काय उपयोग? पण वापरलेल्या ऑइलमध्ये काजळी असते, पाणी असतं आणि जळणातून तयार झालेली आम्लं असतात. इंजिन चालू असतं तेव्हा ती फिरत राहतात. उभ्या इंजिनात ती बेअरिंगवर बसून राहतात आणि सावकाश खात राहतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचं प्रमाण फार कमी, म्हणजे दहा लाखांत दहा भाग इतकंच आहे. त्यामुळे गंधकाच्या आम्लाची भीती पूर्वीइतकी राहिली नाही. तरी काळं ऑइल ते काळं ऑइलच. इंजिन गरम असताना ऑइल काढायचं, म्हणजे गाळ त्याच्याबरोबर उतरतो. नवं ऑइल आणि नवा फिल्टर घालून पाच-दहा मिनिटं इंजिन चालवायचं, म्हणजे आतल्या सगळ्या भागांवर त्याचा थर बसतो.

डिझेलच्या टाकीखालचा नट उघडून गाळ आणि पाणी काढलं, फिल्टर बदलले, आणि टाकी गळ्यापर्यंत भरली. मोकळी जागाच ठेवायची नाही, म्हणजे दंव धरायला वाव राहत नाही. भरल्यावर पुन्हा थोडा वेळ इंजिन चालवलं, कारण नवं स्वच्छ डिझेल पंपात आणि नोझलपर्यंत पोचायला हवं. भरलेल्या टाकीला कुलूप लावावं हे मिस्त्रींनी सांगितलं नव्हतं. ते भाभींना सुचलं.

रेडिएटरबद्दल दोन मतं ऐकायला मिळतात. जुने लोक पाणी काढून टाकतात. साधं पाणी असेल तर तेच बरं, मात्र रेडिएटरखालच्या तोटीबरोबर इंजिनच्या ब्लॉकवरची तोटीही उघडायला हवी. ती न उघडल्यानं निम्मं पाणी आत राहतं. पण पाणी काढलेलं इंजिन आतून ओलंच असतं आणि ओल्या बिडाला हवा लागली की गंज चढतो. म्हणून आमच्या मिस्त्रींचं मत असं पडलं की आतली बाजू धुऊन गंज रोखणारं चांगलं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरावं आणि ते तसंच ठेवावं. आम्ही तसं केलं. फॅन बेल्ट सैल केला.

यानंतर नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि इंजिन हातानं दोन-तीन फेरे फिरवलं. चमचाभर म्हणजे चमचाभरच. डिझेल इंजिन ऑइलवरही पळू शकतं, आणि तसं पळायला लागलं की डिझेल बंद करून थांबत नाही. सहा महिन्यांहून कमी काळासाठी हे काम नाही केलं तरी चालतं, आणि मिस्त्री नसेल तर करूच नये.

क्लचचं पेडल पूर्ण दाबून ते वर येऊ नये म्हणून लाकडाचा ठोकळा बसवला. बाभळीचा साधा ठोकळा. एवढ्या एका लाकडानं २०१६ चा ट्रॅक्टर फोडण्याचा खर्च वाचला असता. प्लेट आणि फ्लायव्हील यांच्यात फट राहिली की ती एकमेकांना चिकटत नाहीत.

लिफ्टचे हात खाली टेकवले, म्हणजे हायड्रॉलिकवर दाब राहत नाही. एअर क्लीनर साफ करून त्याच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली, सायलेन्सरवर पत्र्याचा डबा उपडा घातला. सपाट जागेवर जॅक लावून पुढच्या आणि मागच्या आसाखाली लाकडी ओंडके दिले आणि टायर जमिनीपासून दोन बोटं उचलले. मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं असेल तर एकेका टायरमध्ये दीड-दोनशे लिटर पाणी असतं, हे जॅक लावताना ध्यानात ठेवावं. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली वाकू नये. ज्यांना ओंडके देणं जमत नाही त्यांनी हवा पुस्तिकेप्रमाणे पूर्ण ठेवावी आणि महिन्याला ट्रॅक्टर थोडा ढकलून टायरचा टेकलेला भाग बदलावा. उन्हापासून टायर झाकावेत आणि त्यांना डिझेल-ऑइल लागू देऊ नये.

बॅटरी काढून घरात आणली. काढताना आधी निगेटिव्हची वायर सोडायची, लावताना ती शेवटी लावायची. उलटं केलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरते, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात अधिक लवकर उतरते. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग ती चार्ज घेत नाही. म्हणून दर महिन्याला पाणी बघायचं आणि चार्ज करायची. साध्या मीटरवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.४ ला तिच्यात पाऊण चार्ज उरलेला. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून खोली हवेशीर हवी आणि जवळ विडी-काडी नको. हे काम भाभींनी वर्षभर कॅलेंडरवर खूण करून न चुकता केलं.

इथं एका गैरसमजाबद्दल बोललं पाहिजे. ‘दर आठवड्याला पाच मिनिटं सुरू करून ठेवा, म्हणजे ट्रॅक्टर चांगला राहतो,’ असं सगळेच सांगतात. आम्हालाही गावातल्या चार जाणत्यांनी सांगितलं. एक लिटर डिझेल जळलं की त्यातून जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन निघतं. इंजिन पूर्ण तापलेलं असेल तर ती वाफ बाहेर जाते. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही. वाफेचा काही भाग सायलेन्सरमध्ये, सिलिंडरमध्ये आणि चेंबरच्या ऑइलमध्ये पाणी होऊन उतरतो, आणि पाच मिनिटांत बॅटरीही सेल्फला लागलेली वीज भरून काढत नाही. सुरू करायचाच असेल तर शेतात नेऊन अर्धा-पाऊण तास काम करावं. नाहीतर नीट बंदोबस्त करून त्याला हात लावू नये.

शेवटी भाभींनी एका पुठ्ठ्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘बॅटरी घरात. क्लचला लाकूड. एअर क्लीनरला पिशवी. सायलेन्सरला डबा. बेल्ट सैल.’ आणि तो पुठ्ठा स्टीअरिंगला सुतळीनं बांधला. मला तेव्हा ती हौस वाटली होती.

पुतण्या २०२२ च्या मे महिन्यात परत आला, कायमचा. आल्या आल्या त्याला ट्रॅक्टर सुरू करायचा होता. बॅटरी त्यानं स्वतःच आणून लावली आणि किल्ली फिरवली. काही झालं नाही. ठोकळा काढायच्या नादात त्यानं गिअर तपासला नव्हता, आणि वायरिंगही एके ठिकाणी उंदरानं कुरतडलेलं निघालं. तो खाली उतरला, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि सेल्फच्या दोन टोकांना लावायला वाकला. मिस्त्री तेवढ्यात शेडच्या दारात पोचले आणि त्यांनी जी हाक मारली ती मी आजवर ऐकली नव्हती. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. इंजिनानं पेट घेतला असता तर ओंडक्यांवरून उडी मारून मागचं चाक त्याच्याच अंगावर आलं असतं. स्क्रू ड्रायव्हर लावून ट्रॅक्टर सुरू करणारी माणसं गावोगाव आहेत आणि अशा अपघातात गेलेलीही आहेत. सुरू करायचं ते सीटवर बसून, न्यूट्रल पाहून आणि किल्लीनंच.

मग मिस्त्रींनी ठरवलेल्या क्रमानं काम झालं. आधी काठीनं सगळीकडे ठोकून पाहिलं. जिथं उंदीर तिथं साप, म्हणून बॉनेटखाली एकदम हात घालायचा नाही. कुरतडलेली वायर बदलली. पुठ्ठा वाचत एकेक वस्तू काढली, बेल्ट ताणला. डिपस्टिक पाहिली. ऑइलची पातळी वाढलेली दिसली, किंवा ऑइल दुधासारखं झालं असेल, तर आत पाणी नाहीतर डिझेल गेलं असं समजायचं आणि इंजिन सुरू करायचं नाही. आमचं ठीक होतं. कूलंट, गिअरचं ऑइल, टायरची हवा, चाकांचे नट पाहिले. ओंडके काढून ट्रॅक्टर जमिनीवर घेतला आणि शेडबाहेर ढकलला, कारण बंद शेडमध्ये धुराचा विषारी वायू साठतो. इंजिन हातानं दोन फेरे फिरवून पाहिलं. ते मोकळं फिरलं.

टाकीखालून आणि फिल्टरच्या तळातून थोडं डिझेल सोडून पाहिलं. चमचाभर पाणी निघालं. फिल्टर बदलला आणि हवा काढली. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबून नितळ धार आली की आवळायचा, मग पंपावरचा. तापलेल्या किंवा चालू इंजिनच्या नोझलच्या नळीजवळ बोट नेऊ नये. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठावा लागतो. हे सगळं आमच्यासारख्या जुन्या ट्रॅक्टरचं झालं. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास हॉर्सपॉवरवरच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यांच्यात कॉमन रेलसारख्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आल्या. तिथं नळ्यांचे नट सैल करायला जाऊ नये, कंपनीची पुस्तिका सांगेल तेवढंच करावं.

मिस्त्रींनी स्टॉपचा दांडा ओढून धरला आणि दहा-दहा सेकंद दोनदा सेल्फ मारला. इंजिन सुरू होऊ न देता ऑइल वरपर्यंत चढवायचं, हा त्यामागचा हेतू. मग दांडा सोडला आणि किल्ली फिरवली. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिननं पेट घेतला. आधी पांढरा धूर आला, आत घातलेलं ऑइल जळेपर्यंत तो येणारच. ऑइलचा लाल दिवा लगेच विझला. तो काही सेकंदांत विझला नसता तर इंजिन बंद करायचं, असं आधीच ठरलं होतं. दहा मिनिटं मंद ठेवलं, रेस केलं नाही. गळती पाहिली, क्लच दाबून पाहिला, मोकळा होता. दोन्ही ब्रेकची पेडलं वेगवेगळी आणि मग एकत्र जोडून दाबून पाहिली, कारण रस्त्यावर एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गरकन वळतो.

पहिले दोन दिवस फक्त मोगडणी केली, नांगर लावला नाही. वाळलेल्या सीलमधून एका ठिकाणी ऑइल पाझरायला लागलं, तेवढं बदललं. त्या वर्षी मृगात पाऊस पडला तेव्हा पुतण्या पेरणीला तयार होता.

भाभींच्या हातचा तो पुठ्ठा टूलबॉक्समध्ये अजून आहे. ‘बेल्ट सैल’ या ओळीखाली पुतण्यानं एक ओळ वाढवली आहे: ‘गिअर न्यूट्रल.’